वेदीपासून वेशीपर्यंत

मराठी वाचकाची ख्रिस्ती समाजाशी ओळख होते ती बहुधा दोन वाटांनी. एक वाट साहित्याची: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता, पंडिता रमाबाईंचे केडगाव. दुसरी वाट शाळेची: मुलाला ‘कॉन्व्हेंट’मध्ये प्रवेश मिळावा म्हणून आईबापांनी केलेली धावपळ. यातली पहिली वाट प्रोटेस्टंट परंपरेची. दुसरीने गेलेला पालक मुख्याध्यापिकेच्या खोलीपर्यंत जातो आणि शाळेशेजारच्या चर्चमध्ये न डोकावताच परत फिरतो. त्यामुळे कॅथॉलिक चर्च या मुलखात जवळजवळ पाच शतके नांदत असूनही त्याच्या घडणीबद्दलचे साधे प्रश्न अनुत्तरितच राहिले आहेत. निर्णय कोण घेते? पैसा कुठून येतो? शाळेची जमीन कोणाच्या नावावर असते? दवाखान्यातली सिस्टर कोणाला जबाबदार असते? या प्रश्नांना मराठीत सलग आणि समजेल असे उत्तर मिळावे, म्हणून हा लेखसंग्रह.

प्रस्तावनेत मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. कॅथॉलिक चर्च समजून घ्यायचे असेल तर सुरुवात धर्मग्रामापासून, म्हणजे पॅरिशपासून करायला हवी. उत्तर कोकणात राजवटी बदलल्या, धर्मगुरूंचे संघ आले आणि गेले, गोवा आणि रोम यांच्यात हक्कांवरून दीडशे-दोनशे वर्षे तंटे चालले. या सगळ्यातून जे टिकले ते गावचे चर्च आणि त्याभोवतीची माणसे. कोळ्यांनी, वाडवळांनी, सामवेदी शेतकऱ्यांनी आपला धर्मग्राम टिकवला म्हणून वरची रचना उभी राहू शकली. ज्यांनी चर्च टिकवले, त्यांना त्याच्या कारभारात खरा वाटा मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आधी रचना पाहू. चर्च, त्याच्या हद्दीतली कॅथॉलिक घरे आणि त्यांची जबाबदारी सोपवलेला प्रमुख धर्मगुरू मिळून धर्मग्राम होतो. चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत धर्मग्राम हा मुख्यतः एक भूभाग होता. १९८३ च्या संहितेने त्याला श्रद्धावंतांचा समुदाय म्हटले. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप. शेजारच्या काही धर्मप्रांतांमधला एक महाधर्मप्रांत असतो, त्याचा प्रमुख आर्चबिशप. पण आर्चबिशप हा आसपासच्या बिशपांचा साहेब नव्हे. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता थेट पोपना जबाबदार असतो आणि पंच्याहत्तरी गाठली की राजीनामाही त्यांच्याकडेच धाडतो. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांची परिषद १९४४ साली स्थापन झाली. ती धोरणे आखते, देशापुढच्या प्रश्नांवर बोलते, मात्र कोणत्याही धर्मप्रांताचा रोजचा कारभार तिच्या हाती नाही. कार्डिनल ही देखील बिशपांवरची वेगळी अधिकारपायरी नाही. पोपना सल्ला देणे आणि वयाची ऐंशी वर्षे पूर्ण होईपर्यंत नव्या पोपच्या निवडीत मत देणे हे त्यांचे विशेष काम. रोमहून हुकूम सुटतो आणि गावागावांत पाळला जातो, ही समजूत म्हणूनच फार ढोबळ आहे.

या उभ्या धाग्यांमध्ये आडवे धागे विणलेले आहेत ते व्रतस्थांच्या संघांचे: येशूसंघीय म्हणजे जेज्वीट, फ्रान्सिस्कन, सालेशियन आणि धर्मभगिनींचे कितीतरी संघ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते ते घेतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळतो, बिशपच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो; दारिद्र्याचे व्रत मात्र त्याने घेतलेले नसते. व्रतस्थांची बदली, प्रशिक्षण, मालमत्ता हा त्यांच्या संघाच्या वरिष्ठांचा विषय. कलकत्त्यात १९५० साली मदर तेरेसांनी सुरू केलेला मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ १९६५ पासून थेट रोमच्या अखत्यारीत आला, तो याच व्यवस्थेनुसार. एकाच गावात चर्च धर्मप्रांताचे, मुलींची शाळा एका भगिनीसंघाची आणि तंत्रशाळा तिसऱ्याच संघाची असू शकते. पालक तक्रार घेऊन बिशपकडे जातो आणि शाळा आपल्या अखत्यारीत नाही असे उत्तर ऐकून चक्रावतो, त्याचे कारण हे आहे. प्रस्तुत संग्रह वाचताना उभे-आडवे धागे वेगळे ओळखता आले, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आणखी एक भेद नवख्या वाचकाने लक्षात ठेवावा. कॅथॉलिक चर्च म्हणजे केवळ लॅटिन परंपरा नव्हे. पोपशी ऐक्य राखणारी तेवीस पौर्वात्य चर्चेस आहेत, आणि त्यांपैकी केरळातली सिरो-मलबार व सिरो-मलंकारा ही दोन महाराष्ट्रातही आहेत. १९८८ साली स्थापन झालेला कल्याणचा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा. म्हणून मुंबईच्या उपनगरांत एकाच रस्त्यावरची दोन कॅथॉलिक कुटुंबे दोन वेगळ्या बिशपांच्या हाताखाली असतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा संसार तर निराळाच. त्यांतल्या अनेकांनी १९७० साली नागपुरात एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापले.

रचना कळली तरी ती चालते कशी हे पाहायचे तर चर्चच्या कचेरीतली बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी. उभट, जाड पुठ्ठ्याची वही. एका ओळीत बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्ममाता-धर्मपित्याची नावे, संस्काराची तारीख आणि धर्मगुरूची सही. शेजारी रिकामा समास. हा समास महत्त्वाचा. पुढे त्या बाळाचा दृढीकरण संस्कार झाला, लग्न झाले, कोणी धर्मगुरू झाला वा कोणी व्रत घेतले, तर ती माहिती जिथे कुठे घडेल तिथून या मूळ वहीकडे कळवली जाते आणि याच समासात टिपली जाते. लग्नाआधी प्रत्येकाला बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा लागतो तो यासाठीच: समासात लग्न, धर्मगुरुपद वा व्रत यांची नोंद नसेल तर माणूस लग्नाला मोकळा. गावातली नोंद दुबईत किंवा टोरांटोत लागणाऱ्या लग्नाला अशी जोडलेली राहते. जुन्या वह्यांत पोर्तुगीज, लॅटिन, मग इंग्रजी अशा भाषा बदलत जातात. ओळीत नोंदायची माहिती जवळपास तीच राहते. जागतिक संस्था म्हणून जे काही आहे ते अखेर या वहीवर आणि ती नीट ठेवणाऱ्या माणसावर उभे आहे.

अशी वही ठेवण्याचा दंडक ट्रेन्टच्या धर्मपरिषदेचा. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या या परिषदेने बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदी, बिशपने आपल्या धर्मप्रांतातच राहणे, धर्मगुरूंसाठी गुरुकुले असे नियम घातले. वसईत चर्चची घडी बसत होती ती नेमक्या याच सुमारास. गुजरातचा सुलतान बहादूरशाहाने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. फ्रान्सिस्कन आले, पाठोपाठ जेज्वीट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन. आगाशी, नंदाखाल, सांडोर इथली चर्चेस सोळाव्या शतकातली. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत घोषित झाला. भारतात जन्मलेला हा पहिला संत धर्मगुरू नव्हता, साधा व्रतस्थ बंधू होता, हे आवर्जून सांगायला हवे. त्याच काळात चर्चला सत्तेचा आधार होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. देवळे पाडली गेली, दडपणाखाली धर्मांतरे झाली, आणि १५६० मध्ये गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. संग्रहातल्या कोणाही लेखकाने हा भाग झाकलेला नाही. इथला ख्रिस्ती आपल्या गावाशी, शेताशी, बोलीशी बांधलेला राहिला हे जितके खरे, तितकाच हा इतिहासही खरा.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज अधिकारी आणि युरोपीय व्रतस्थ निघून गेले. किल्ल्यातले मठ ओस पडले. चर्चच्या काही घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या आणि भीमाशंकराच्या देवळांतल्या घंटा त्यांपैकीच. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात मिळाली. मग गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी मिळून धर्मग्राम चालवले. राजाश्रय नाही, मठांची श्रीमंती नाही, तरी मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सण, लग्नविधी, दफनविधी सुरू राहिले. या अवघड काळावर आजवर फार थोडे लिहिले गेले, आणि मला तर सबंध इतिहासातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरीकडे एक जुना तंटा चिघळत होता. पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर दिलेला आश्रयाधिकार म्हणजे पाद्रोआदो. त्याला पर्याय म्हणून रोमने १६२२ साली प्रोपागांडा हे स्वतःचे खाते उभारले आणि १६३७ मध्ये गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो या देशी धर्मगुरूला बिशप करून आदिलशाही मुलखासाठी नेमले. गोव्याने त्याला कधीच मनापासून मानले नाही. मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हटवून कार्मेलाइटांना आणले, आणि १७९४ पासून तर शहरात दोन अधिकारक्षेत्रे शेजारी शेजारी नांदू लागली: काही चर्चेस गोव्याची, काही रोमच्या प्रतिनिधीची. आपले चर्च कोणत्या बाजूला राहील यावर गावे दुभंगली, खटले चालले. १८८६ च्या करारानंतर भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना झाली, मुंबईला महाधर्मप्रांत आणि पुण्याला धर्मप्रांत मिळाला. तरी पाद्रोआदोचा दमण धर्मप्रांत वेगळा राहिलाच. तो १९२८ साली मुंबईत विलीन झाला, आणि आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा असे ठरले. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये कारभार सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्यावर सोपवला. १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. २२ मे १९९८ रोजी मुंबईतून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत निर्माण झाला. त्याचा कारभार मराठीत चालतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मराठी कॅथॉलिकांची कथा वसई-साष्टीपुरतीच नाही. अहमदनगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेज्वीटांनी काम सुरू केले. तिथे चर्चकडे आलेला समाज प्रामुख्याने दलित होता. त्याच्यासाठी धर्मग्राम म्हणजे आधी माणूस म्हणून मिळालेली जागा होती, नंतर बाकी सारे. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेत त्या समाजाची भक्ती दिसते आणि त्याची संख्याही. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांतली वसतिगृहे हा आणखी एक प्रवाह, आणि २००५ मध्ये झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत हा गोव्याशी नाळ असलेला तिसरा. वसईचा जमीनधारक शेतकरी आणि नगरचा भूमिहीन मजूर एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, पण त्यांचे चर्चकडचे मागणे एक नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. चर्चच्या आतही जात संपलेली नाही, हे बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे स्वतंत्र धोरण जाहीर करताना मान्य केले.

शाळांकडे वळू. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घातली, आणि त्याच वर्षी मुंबईची जबाबदारी जेज्वीटांकडे येऊ लागली. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ ची, मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ चे. धर्मभगिनींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि पुढे समाजकार्याच्या शिक्षणापर्यंत मजल मारली. १९५५ मध्ये सुरू झालेले मुंबईचे निर्मला निकेतन हे त्याचे उदाहरण. या नावाजलेल्या शहरी संस्थांच्या सावलीत एक दुसरी परंपरा झाकली गेली: धर्मग्रामाची मराठी शाळा. वसईत चर्चच्या आवारातल्या अशा शाळांत ख्रिस्ती मुलांसोबत आगरी, भंडारी, आदिवासी मुले शिकली. त्यांतूनच मराठीत लिहिणारी पिढी घडली, ‘सुवार्ता’सारखे मासिक चालवण्याची ताकद आली. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत केलेल्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आता याच शाळांचे वर्ग इंग्रजी माध्यमाकडे वळले आहेत. पालकांची मागणी समजण्यासारखी आहे. पण मराठीत प्रार्थना करणाऱ्या समाजाची मुले मराठी वाचेनाशी झाली, तर धर्मग्राम आपल्या गावापासून तुटेल. माध्यमाचा निर्णय पालकांची मागणी मोजून संपवण्याचा नाही. धर्मग्रामाने तो एकत्र बसून, परिणाम ओळखून घ्यावा.

शाळांना कायद्याचे बळ आहे ते राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचे: अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची व्याप्ती सविस्तर मांडली. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या गेल्या. हक्क पक्का झाला की जबाबदारी वाढते. ज्या शाळा गरिबांसाठी म्हणून निघाल्या, तिथे आज गरिबाचे मूल किती, हा प्रश्न चर्चने स्वतःलाच विचारायला हवा. न्यायालयाने विचारण्याची वाट पाहू नये.

सेवाकार्याच्या तीन पद्धती नजरेसमोर ठेवल्या तर चित्र स्पष्ट होते. पहिली शेजारधर्माची. पोर्तुगीज काळात वसईत मिझेरिकोर्दिया नावाची प्रापंचिकांची बंधुसभा होती. आजाऱ्यांची शुश्रूषा, अनाथ मुलींचा हुंडा, बेवारशी मृतांचे दफन ही तिची कामे. आज तेच काम धर्मग्रामातली सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी करते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी ती सुरू केली. दर आठवड्याच्या बैठकीत एक बंद पिशवी फिरते. कोणी किती टाकले ते कोणाला दिसत नाही. मग दोघे-दोघे मिळून ठरलेल्या घरी जातात. विधवा आजीचे औषध, एखाद्या मुलाची फी, महिन्याचा शिधा. घरात बसायचे, ऐकायचे, आणि त्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही. देणगीची पावती या कामाला नसते.

दुसरी पद्धत परस्पर सहकार्याची. १९१८ साली वसईत सुरू झालेली कॅथॉलिक पतसंस्था वाढत वाढत बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. सावकाराच्या तावडीतून बागायतदाराला सोडवायचे तर दान पुरत नाही, पत उभी करावी लागते, हे त्या पिढीला उमगले होते. तिसरी पद्धत विकासाची. १९४८ मध्ये भारतात आलेले स्विस जेज्वीट हर्मन बाखर यांनी नगरच्या दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाची कामे उभी केली, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागेही तेच होते. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची आणि निर्णय ग्राम पाणलोट समितीने घ्यायचे, ही त्यांची अट. पाणी अडवण्याआधी गाव एकत्र बसवणे हे खरे काम, हा धडा मला साऱ्या सेवाकार्याच्या मुळाशी दिसतो. देशपातळीवर १९६२ पासून कारितास इंडिया या कामांची सांगड घालते.

हा विषय अभ्यासण्याच्या परंपराही वेगवेगळ्या आहेत. सर्वांत जुनी मिशनऱ्यांच्या बखरींची: फ्रान्सिस्कन पाउलो दा त्रिंदादे, जेज्वीट फ्रान्सिस्कु द सौझा. माहितीची खाण, पण नजर विजेत्याची. दुसरी वसाहतकाळातल्या पुराणवस्तुप्रेमी आणि दस्तऐवजी संशोधकांची. डॉ. जे. जेर्सन दा कुन्या यांचे चौल-वसईवरचे १८७६ चे पुस्तक आणि पाद्रोआदोच्या तंट्याचा बारकाईने मागोवा घेणारे फादर अर्नेस्ट हल यांचे ग्रंथ या परंपरेत बसतात. तिसरी मराठेशाहीच्या अभ्यासकांची. तिला वसईची मोहीम दिसते, मोहिमेनंतरचा ख्रिस्ती रयतेचा संसार फारसा दिसत नाही. चौथी समाजाने स्वतःबद्दल केलेल्या लेखनाची: एल्सी बाप्टिस्टा यांचा ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोकणातल्या जुन्या कॅथॉलिक समाजावरचा ग्रंथ, फादर फ्रान्सिस कोरिया यांचे सामवेदी ख्रिस्ती समाजावरचे लेखन. बोली, पेहराव, लग्नविधी यांची नोंद या लेखकांनी केली नसती तर बरेच काही कायमचे हरवले असते. पाचवी धर्मशास्त्राची. चर्च म्हणजे अधिकारांची उतरंड की देवाची प्रजा, हा तिचा मध्यवर्ती वाद.

या वादाला १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निर्णायक वळण दिले. चर्चविषयीच्या तिच्या १९६४ च्या दस्तऐवजात ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण आधी येते, बिशप-धर्मगुरूंचे प्रकरण नंतर. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला होता. मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईच्या आजीला पहिल्यांदाच वेदीवरचे सारे शब्द कळू लागले. परिषद सुरू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. १९८० च्या दशकात मुंबई महाधर्मप्रांतात लहान ख्रिस्ती समूहांचे जाळे विणले गेले: गल्लीतली दहा-वीस-तीस घरे एकत्र येऊन बायबल वाचतात, आजाऱ्यांची खबर घेतात. पण १९८३ च्या संहितेत धर्मग्रामातल्या श्रद्धावंतांच्या पाळकीय मंडळाला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे. अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची असली तरी तीही धर्मगुरूला मदत करण्यासाठीच. परिषदेने उघडलेले दार कायद्याने अर्धेच उघडले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात चालवलेली सिनोडची प्रक्रिया, तळापासून सर्वांचे ऐकण्याची, हा त्या दाराला दिलेला पुढचा धक्का होता. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेले पोप चौदावे लिओ तो वारसा पुढे नेत आहेत.

आजच हे पुस्तक का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ख्रिस्ती मिळून पावणेअकरा लाखांच्या घरात होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या लहान समाजाच्या संस्थांचा लाभ घेणारे बहुसंख्य लोक इतर धर्मांचे आहेत. म्हणून या संस्था कशा चालतात हा सर्वांचा प्रश्न आहे. वसई-विरारचे शेत-वाड्यांचे गाव पाहता पाहता शहर झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला तेव्हा चर्चचे आवार गावसभेची जागा झाले होते; आज त्या आवाराभोवतीच इमारती उभ्या आहेत. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये अधिक कडक झाला, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येईनासा झाला. लहान गावातल्या कामांना त्याची झळ बसली. धर्मगुरू आणि भगिनी होण्यासाठी पुढे येणारी मुलेमुली कमी होत आहेत. आणि जगभर उघडकीस आलेल्या लैंगिक अत्याचारांनी चर्चच्या नैतिक अधिकारालाच धक्का दिला. रोमच्या २०१९ च्या नियमाने प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची व्यवस्था बंधनकारक केली. पण ही व्यवस्था आहे हे धर्मग्रामातल्या आईबापांना ठाऊक नसेल, तर नियम कागदावरच राहील. पीडिताची बाजू आधी घेणे हीच चर्चवरची निष्ठा, हे मला इथे निःसंदिग्धपणे नोंदवायचे आहे.

या संग्रहाचा आवाका ठरवताना काही मर्यादा जाणीवपूर्वक घातल्या. धर्मशास्त्राचे सिद्धांत इथे नाहीत, कोणाला धर्मांतराचे आवाहन नाही आणि कोणाचा गौरवग्रंथ काढण्याचा विचारही नाही. धर्मगुरू, भगिनी, शिक्षक, हिशेब तपासणारे, कोळीवाड्यातल्या आणि पाड्यांतल्या कार्यकर्त्या, अभ्यासक अशा वेगवेगळ्या जागांवरून लिहिणाऱ्यांना आम्ही एकत्र आणले. काही लेख एकमेकांशी जुळत नाहीत. ते तसेच ठेवले, कारण धर्मग्रामातही सगळे एका सुरात बोलत नाहीत. कायदा, विश्वस्त संस्था, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, जमिनीचे व्यवहार यांवर सविस्तर लिहून घेतले. भक्तीच्या पुस्तकांत हा भाग गाळला जातो आणि टीकेच्या पुस्तकांत तो विपर्यस्त होतो.

ख्रिस्ती वाचकाने हे पुस्तक वाचून आपल्या धर्मग्रामाचा ताळेबंद मागावा, पाळकीय मंडळाच्या बैठकीला जावे, आपल्या शाळेच्या माध्यमाबद्दल बोलावे. धर्मगुरूंनी अशा प्रश्नांना शंका न मानता सोबत मानावी. इतर वाचकांनी शेजारच्या या संस्थेकडे भीतीने किंवा भारावून न पाहता, ग्रामपंचायतीकडे किंवा सहकारी संस्थेकडे पाहतो तितक्याच हक्काने आणि आस्थेने पाहावे. गोन्सालो गार्सियापासून १७३९ नंतर चर्च सांभाळणाऱ्या अनाम गावकऱ्यांपर्यंत सर्वांनी दिलेले देणे फेडायचे तर वारशाचा अभिमान पुरेसा नाही. कारभार उघडा ठेवावा लागेल, आणि त्यासाठी धर्मग्रामातल्या प्रत्येकाला आपले चर्च कसे चालते ते नेमके ठाऊक असावे लागेल. पुढची पाने त्या माहितीसाठी आहेत.